उन्हाळी बॅच सुरू होण्याआधी : टँकवरच्या नव्या जीवरक्षकांसाठी

एप्रिल उजाडला की महापालिकेचे तलाव, क्लब, सोसायट्या आणि कर्जत-लोणावळ्याकडची रिसॉर्ट्स, सगळ्यांना एकदमच जीवरक्षक हवे असतात. कामावर येतात ती मुलंमुली पोहण्यात तरबेज असतात. काहींनी जिल्ह्याला, राज्याला पदकं मिळवलेली असतात. पन्नास मीटर ती सहज कापतात. मात्र काठावर बसून भरलेल्या टँककडे कसं बघायचं, हे त्यांतल्या बहुतेकांना कुणी शिकवलेलं नसतं. पहिल्या आठवड्यात त्याचीच सर्वांत जास्त गरज पडते, म्हणून हा लेख मुख्यतः बघण्याबद्दल आहे. उडी, ओढून आणणं आणि श्वास देणं या गोष्टी पुढे येतीलच. पण जिथे नीट बघितलं जातं तिथे उडी मारायची वेळ क्वचित येते.

नोकरी घेण्याआधी

आधी प्रशिक्षण घ्या. पुण्यातली राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी आणि गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था यांचे अभ्यासक्रम आहेत. टँकसाठीचा आणि समुद्रासाठीचा अभ्यासक्रम वेगळा असतो, तेव्हा टँकचा निवडा. सीपीआर (छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवायची पद्धत) पुतळ्यावर, प्रशिक्षकासमोर घाम गाळून शिकायचा असतो. व्हिडिओ बघून तो हाताला बसत नाही. प्रमाणपत्राची मुदत संपायच्या आत पुन्हा सराव करा, कारण वापर नसला की हात विसरतात.

दुसरं, कामाचं स्वरूप सुरुवातीलाच स्पष्ट करून घ्या. आपल्याकडे जीवरक्षकालाच पास तपासायला, टोपी नसलेल्यांशी वाद घालायला, लहान मुलांना शिकवायला आणि मधेच फिल्टर प्लांट बघून यायला सांगतात. ही कामं हलकी नाहीत, पण ज्याची नजर पाण्यावर आहे त्याने ती करायची नाहीत. शिकवणारा प्रशिक्षक समोरच्या चार मुलांत गुंतलेला असतो, बाकीचा टँक त्याला दिसत नाही. मॅनेजरला हे पहिल्याच दिवशी आणि नम्रपणे सांगा : पाण्यावर असेन तोवर दुसरं काम नको, दुसरं काम द्यायचं असेल तर माझ्या जागी आधी कुणाला तरी बसवा. हंगाम सुरू झाल्यावर, गर्दीत हे सांगणं फार अवघड जातं.

पाणी उघडण्याआधीची फेरी

पहिल्या बॅचच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि टँकभोवती चालत एक पूर्ण फेरी मारा. खोल बाजूच्या काठावर उभं राहून तळाची जाळी आणि लेनच्या रेघा बघा. त्या स्वच्छ दिसल्या नाहीत तर टँक उघडायचा नाही. या एका बाबतीत कुणाचंही ऐकू नका. गढूळ पाण्यात तळाशी गेलेलं मूल वरून दिसतच नाही. पाणी शेवाळलेलं, दुधाळ किंवा हिरवट असताना 'दुपारपर्यंत क्लिअर होईल, तोवर चालू दे' असं म्हटलं जातं. तो निर्णय तुमच्या खुर्चीवर येऊन पडतो.

तळाची जाळी घट्ट बसलेली आहे ना, हे बघा. पंप तिथून पाणी ओढतो. जाळी तुटलेली किंवा निघालेली असेल तर त्या ओढीत लांब केस, हात किंवा पाय अडकतो आणि पंप चालू असेपर्यंत माणसाच्या ताकदीने तो सुटत नाही. अमेरिकेत 2002 साली सात वर्षांची एक मुलगी अशा ओढीत अडकून मरण पावली. त्यानंतर 2007 मध्ये तिथे जाळ्यांबद्दल कायदा झाला. पंपाचं मुख्य बटण कुठे आहे हे प्रत्येक जीवरक्षकाला अंधारातही सापडलं पाहिजे.

क्लोरीन आणि पीएचची नोंद वाचा. मोकळं क्लोरीन साधारण 1 ते 3 पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात इतके भाग) आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचा आकडा, 7.2 ते 7.8 या मर्यादेत असावा. डोळे चुरचुरतात आणि उग्र वास येतो तेव्हा 'क्लोरीन जास्त झालं' असं लोक म्हणतात. बहुतेक वेळा तो वास क्लोरीनचा घाम-लघवीशी संयोग होऊन तयार झालेल्या क्लोरामाइनचा असतो. अशा वेळी पाण्याला ताज्या क्लोरीनची आणि लोकांना आधी शॉवर घ्यायला लावण्याची गरज असते. रसायनं हाताळणं तुमचं काम नसलं तरी दोन गोष्टी ठाऊक हव्यात. ॲसिड आणि क्लोरीन कधीच एकत्र येऊ द्यायचं नाही, त्यातून विषारी वायू सुटतो. रसायन पाण्यात घालायचं, रसायनाच्या डब्यात पाणी ओतायचं नाही.

मग साहित्य. दोरी बांधलेली लाइफ रिंग, लांब बांबू, रेस्क्यू ट्यूब (बुडणाऱ्याला धरायला द्यायचा लांबट तरंगता फोम), पाठीचा कणा न हलवता उचलता येईल अशी सपाट फळी, प्रथमोपचार पेटी आणि असल्यास एईडी (हृदयाची लय परत आणायला विजेचा झटका देणारं यंत्र). हे कुलपात नको, काठावर हवं. कोरडा टॉवेल एईडीच्या शेजारीच ठेवा. 108 आणि 112 हे आकडे भिंतीवर ठळक लिहा, त्याखाली टँकचा पूर्ण पत्ता आणि गेटची खूण लिहा. घाईत पत्ता सांगताना भलेभले अडखळतात.

बुडणारा माणूस कसा दिसतो

सिनेमात बुडणारा हात हलवतो, 'वाचवा, वाचवा' ओरडतो. टँकमध्ये बहुतेक वेळा असं काही होत नाही. फ्रान्सेस्को पिया हे न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक होते. त्यांनी तिथल्या बुडण्याच्या घटनांचं चित्रीकरण करून हे बारकाईने दाखवलं : खरोखर बुडणारा माणूस ओरडू शकत नाही, कारण त्याचं तोंड पाण्याबाहेर येतं ते जेमतेम श्वास घेण्यापुरतं. हात वर करून हलवणं त्याला जमत नाही. दोन्ही हात आपोआप बाजूला पसरतात आणि पाणी खाली दाबत राहतात. ही धडपड साधारण 20 ते 60 सेकंद टिकते, नंतर माणूस खाली जातो. तुमच्या हातात एवढाच वेळ असतो.

खुणा ओळखायला शिका. अंग पाण्यात उभं, पाय जवळपास हलत नाहीत. डोकं मागे झुकलेलं, तोंड पाण्याच्या रेषेवर, कधी वर कधी खाली. केस कपाळावर, डोळ्यांवर आलेले असतात आणि ते बाजूला सारले जात नाहीत. डोळे काचेसारखे किंवा मिटलेले. पोहायची हालचाल दिसते पण माणूस पुढे सरकत नाही. लहान मुलांमध्ये ही खूण आणखी फसवी असते. दोन फुटांवर वडील बोलत उभे असतात आणि मूल त्यांच्या शेजारीच गुपचूप गटांगळ्या खात असतं. कंबरभर पाण्यातही मूल पालथं पडलं की त्याला पाय टेकायचं सुचत नाही.

ओरडणारा, हात हलवणारा माणूसही अडचणीतच आहे, त्याच्याकडे जायलाच हवं. पण त्याच्याकडे अजून दम आहे आणि फेकलेली रिंग तो धरू शकतो. गप्प झालेल्याकडे तेवढं राहिलेलं नसतं. तिसरा प्रकार सर्वांत धोक्याचा : धडपड नाहीच. फिट आलेला, हृदयविकाराचा झटका आलेला किंवा डोकं आपटलेला माणूस सरळ पालथा तरंगतो किंवा तळाशी जातो. वरून तो 'श्वास रोखून खेळतोय' असाच वाटतो.

शंका आली तर विचारा, 'बरं आहे का?' उत्तर आलं तर छान. उत्तर आलं नाही तर निघा. खेळणाऱ्या मुलाला चुकून बाहेर काढलं म्हणून कुणी रागावलं तर रागावू दे.

नजर कशी फिरवायची

आपला भाग ठरवून घ्या. दोन जीवरक्षक असतील तर टँकच्या मधोमध रेघ कुठे आहे, हे बोलून पक्कं करा. मधल्या पट्ट्यात दोघांचीही नजर गेली पाहिजे. 'तो बघतोय' असं समजून सुटलेली जागा हीच खरी आंधळी जागा असते. खुर्ची अशी ठेवा की सकाळचं, संध्याकाळचं ऊन पाण्यावरून डोळ्यांत येणार नाही. ते टळत नसेल तर पोलराइज्ड गॉगल लावा आणि खुर्ची सोडून काठाने चाला. खुर्चीच्या अगदी खालचा कोपरा बसल्या जागेवरून दिसत नाही. वाकून तो बघायची सवय लावा.

जगभर शिकवला जाणारा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे : 10 सेकंदांत आपला पूर्ण भाग नजरेखालून जावा, आणि अडचण दिसल्यापासून 20 सेकंदांत आपण त्या माणसापाशी पोहोचावं. पहिल्या दिवशी घड्याळ लावून बघा. तुमचा भाग दहा सेकंदांत मावत नसेल तर तो मोठा आहे. ते मॅनेजरला सांगा आणि आणखी एक माणूस मागा.

नजर फिरवताना तळही बघायचा. डोकी मोजणं सगळे करतात, तळ बघायचं बरेच जण विसरतात. एकाच दिशेने नजर फिरवत राहिलं की डोळे उघडे असूनही काही दिसेनासं होतं, म्हणून कधी डावीकडून, कधी तळापासून वर, कधी खोल बाजूपासून सुरुवात करा. मनात प्रत्येकाबद्दल प्रश्न विचारत राहा : याला पाय टेकतात का? हा थकलाय का? हा मघाशी कुठे होता, आता कुठे आहे?

एका खुर्चीत अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नका. उन्हात तर वीस मिनिटं पुरेत. मग जागा बदला, पाणी प्या, सावलीत बसा. मोबाइल लॉकरमध्ये ठेवा. ओळखीचं कुणी बोलायला आलं तर पाण्याकडे बघत बोला, त्याच्या तोंडाकडे बघू नका. लोकांना सुरुवातीला उद्धट वाटतं, मग सवय होते.

काय थांबवायचं

उथळ बाजूला सूर मारणं बंद म्हणजे बंद. साडेतीन-चार फूट पाण्यात डोक्याने उडी घेतली की मान मोडू शकते आणि उरलेलं आयुष्य खाटेवर जाऊ शकतं. पोरं मुटका मारतात तेव्हा धोका खाली पोहणाऱ्याला असतो, त्यासाठी वेगळी जागा आणि वेळ ठरवून द्या.

पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो ही पैज मात्र बघताक्षणी मोडा. आधी जोरजोरात श्वास घेऊन बुडी मारली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यावासा वाटण्याची जाणीव त्याच्यावर अवलंबून असते, त्यामुळे ती उशिरा येते. त्याआधीच ऑक्सिजन संपून माणूस पाण्याखाली बेशुद्ध होतो, काहीही धडपड न करता. यात बहुधा चांगले पोहणारे जातात. 'तो तर पट्टीचा पोहणारा आहे' हे वाक्य ऐकलं की त्या माणसाकडे जास्त लक्ष द्या.

गावाकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला पांगाऱ्याचं लाकूड, सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचे, पण तिथे दोर धरून कुणी तरी वर उभं असायचं. आजच्या हवेच्या ट्यूब आणि दंडावरचे फुगे बघून पालक निश्चिंत होतात आणि मोबाइलमध्ये जातात. ट्यूबमधून मूल निसटतं, उलटं होतं. पालकांना सांगा : पोहता न येणारं मूल तुमच्या हाताच्या अंतरात हवं, आणि तुम्हीही पाण्यात हवं. रिसॉर्टवर ओढणी, साडी, जीन्स घालून लोक उतरतात. भिजलेलं कापड जड होतं आणि पायात गुंततं. दारू प्यायलेल्या माणसाला पाण्यात जाऊ देऊ नका. तो ऐकत नसेल तर तुम्ही वाद घालू नका, मॅनेजरला बोलवा. तुमची नजर पाण्यावरच ठेवा.

मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा पाऊस येतो. गडगडाट ऐकू आला की सगळ्यांना बाहेर काढा, आणि शेवटचा गडगडाट होऊन 30 मिनिटं झाल्याशिवाय कुणाला आत सोडू नका. 'एवढ्याशा पावसाला काय होतंय' म्हणणारे असतातच.

पाण्यातल्या दिव्यांजवळ किंवा शिडीपाशी कुणी झिणझिण्या येतात म्हणालं तर ते हसण्यावारी नेऊ नका. वीज उतरलेली असू शकते. आधी मुख्य स्विच बंद करा. लोकांना धातूच्या शिडीला न धरता, झिणझिण्या येतात त्या जागेपासून दूरच्या काठाने वर घ्या. अशा वेळी वीज तुटल्याची खात्री होईपर्यंत तुम्ही स्वतः उडी मारायची नाही.

बॅच बदलताना

माझ्या मते दिवसातली सर्वांत वाईट पाच मिनिटं ही असतात. एक बॅच निघतेय, दुसरी आत धावतेय, शिट्ट्या, आरडाओरडा, जीवरक्षकही खुर्ची बदलतायत. नियम असा करा : पहिली बॅच पूर्ण बाहेर, मग एक जीवरक्षक टँकच्या चारही बाजूंनी फिरून तळ बघणार, तो हात वर करणार, त्यानंतरच दुसरी बॅच आत. दिवसाच्या शेवटीही असंच. खुर्ची देताना नवा माणूस येऊन आधी पाण्यावर नजर बसवतो, 'बघतोय' म्हणतो, मगच जुना उठतो. कोण पोहायला कच्चा आहे, कुणाला दम्याचा त्रास आहे, कोणती पोरं खोल बाजूकडे सरकतायत, हे दोन वाक्यांत सांगून जायचं.

शिट्टीच्या खुणा आपल्या टँकवर बसून ठरवा. अनेक ठिकाणी एक छोटी शिट्टी पोहणाऱ्यासाठी, दोन छोट्या दुसऱ्या जीवरक्षकासाठी आणि एक लांब म्हणजे 'मी पाण्यात जातोय' अशी पद्धत असते. कोणतीही चालेल, सगळ्यांना तीच माहीत हवी.

पाण्यात उतरावं लागलं तर

आधी लांब शिट्टी. तुम्ही उडी मारली आणि मागे कुणाला कळलंच नाही, तर बाकीचा टँक उघडा पडतो. काठाजवळ असेल तर बोला, बांबू द्या. थोडं लांब असेल तर रिंग फेका, ती त्याच्या डोक्यावर न पडता पलीकडे पडावी आणि दोरी ओढत त्याच्या हाताशी यावी. पोहून जायचं ते यातलं काही जमत नसेल तेव्हा, आणि रिकाम्या हाताने कधीच नाही. रेस्क्यू ट्यूब तुमच्या आणि त्याच्या मध्ये राहिली पाहिजे.

घाबरलेला माणूस समोर येईल त्याच्यावर चढतो. त्यात त्याचा दोष नाही. शक्यतो मागून जा, काखेतून हात घाला, ट्यूब मध्ये घ्या आणि त्याला मोठ्याने, शांत आवाजात सांगत राहा : 'धरलंय तुम्हाला, मागे रेला.' त्याने गळ्याला मिठी मारलीच तर हनुवटी छातीशी लावा आणि खाली जा. त्याला वर राहायचं असतं, तो सोडतो.

उथळ बाजूला सूर मारून कुणी निपचित पडलं असेल किंवा मान दुखतेय, हातपाय बधिर वाटतायत म्हणालं, तर दंड धरून ओढू नका. डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून पाण्यातच आधार द्या आणि फळी येऊ द्या. मात्र तो श्वास घेत नसेल तर श्वास आधी, मान नंतर.

काठावर आणल्यावर

बुडालेल्या माणसाला हवी असते हवा. पोट दाबून पाणी काढणं, पाय धरून उलटं टांगणं, गरगर फिरवणं हे सगळं अजूनही होतं आणि त्यात जीव वाचवायची मिनिटं जातात. पोट दाबलं की उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. गर्दीतलं कुणी वडीलधारं असं करायला पुढे आलं तर ठामपणे थांबवा.

पाठीवर झोपवा, हाक मारा, खांदे हलवा. प्रतिसाद नाही आणि नीट श्वास नाही, तर एकाला बोट दाखवून 108 लावायला सांगा, दुसऱ्याला एईडी आणायला. डोकं मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून पाच श्वास द्या. प्रत्येक साधारण एक सेकंदाचा, छाती उचलली जाईल इतका. काही प्रशिक्षणांत सुरुवातीचे दोन श्वास शिकवतात. तुम्ही जे शिकलात तेच करा. मग छातीच्या मध्यभागी 30 दाब, त्यानंतर 2 श्वास, आणि हेच चालू. दाब मिनिटाला 100 ते 120, मोठ्या माणसाला 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मुलांना छातीच्या एक तृतीयांश. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला, कारण हात थकले की दाब उथळ होतो. फक्त छाती दाबण्याची पद्धत बुडालेल्याला पुरत नाही, त्याच्या रक्तातला ऑक्सिजनच संपलेला असतो. तोंडातून फेस येत राहील, तो पुसत बसू नका. उलटी झाली तर कुशीवर वळवा, साफ करा आणि पुन्हा सुरू करा. एईडी आला की छाती टॉवेलने कोरडी करून पट्ट्या लावा. रुग्णवाहिकेचे लोक ताबा घेईपर्यंत थांबायचं नाही.

शुद्धीवर आला, बोलू लागला तरी दवाखान्यात पाठवा. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. 'आता ठीक आहे, घरी नेतो' असं आईवडील म्हणतात, तेव्हा खोकला, धाप, सुस्ती यांवर लक्ष ठेवायला सांगून भागत नाही. त्यांना गाडीत बसवून द्या.

त्यानंतर

टँक रिकामाच ठेवा. काय दिसलं, किती वाजता, कोण कुठे होतं, काय केलं, हे त्याच दिवशी रजिस्टरमध्ये लिहा. अंदाज नको, दोष नको, फक्त पाहिलेलं. पाणी किती स्वच्छ होतं आणि किती जीवरक्षक खुर्चीवर होते, हेही लिहा. पुढच्या वेळी माणूस मागायला तीच नोंद कामी येते. पत्रकार किंवा नातेवाईक विचारायला आले तर मॅनेजरकडे पाठवा.

ज्याने माणूस बाहेर काढला त्याला त्या दिवशी पुन्हा खुर्चीवर बसवू नका, माणूस वाचला असला तरीही. हात थरथरत असतात आणि नजर त्याच जागेवर खिळलेली असते. घरी एकट्याला जाऊ देऊ नका, सोबत कुणी तरी द्या. दुसऱ्या दिवशी टँक उघडायच्या आधी सगळ्यांनी अर्धा तास बसून बोला आणि तीच घटना पाण्यात पुन्हा करून बघा : शिट्टी किती सेकंदांत वाजली, बांबू कुठे होता, 108 कुणी लावला, गेट कुणी उघडलं.